१९५४ ची न झालेली फौज

आज ब्रुसेल्समध्ये सेमिनारला माझ्या प्रबंधातलं प्रकरण मांडलं. विषय युरोपियन डिफेन्स कम्युनिटी, म्हणजे युरोपची एकच फौज.

२७ मे १९५२ ला पॅरिसमध्ये सहा देशांनी यावर सह्या केल्या. महायुद्ध संपून जेमतेम सात वर्षं झाली होती आणि करारात चक्क लिहिलंय की सगळ्या तुकड्यांचा गणवेश एकच असेल! जर्मन आणि फ्रेंच शिपाई एकाच वेशात. ते कलम वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

चार देशांनी मंजुरी दिली, इटलीचं घोंगडं भिजत पडलं. आणि ज्या फ्रान्सने कल्पना मांडली, त्याच्याच संसदेत ३० ऑगस्ट १९५४ ला ३१९ विरुद्ध २६४ मतांनी ती बारगळली. विरोधकांनी उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. मग पुढच्या मे महिन्यात पश्चिम जर्मनी या फौजेऐवजी थेट नाटोत दाखल.

चर्चेत एस्टोनियाची एक मैत्रीण बोलली. ती नार्वाची. तिच्या गावातून नदीपलीकडे इव्हानगोरोदचा किल्ला दिसतो, तो रशियात. म्हणाली, "मतं कुणी कशी दिली ते कळलं. पण हल्ला झाला तर मदत किती दिवसांत पोचेल, ते सांग ना."

खोलीत बराच वेळ तेवढ्यावरच बोलणं चाललं. मला तर तोच खरा प्रश्न वाटतो, आणि तो प्रबंधात येणारच.

रात्री युरोपियन युनियन कराराचं कलम ४२(७) काढून बसलोय, परस्पर मदतीचं. आजवर ते एकदाच वापरलं गेलं, नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर. वापरणारा देश फ्रान्सच.