मनगटावरची निळी पट्टी

माझा मुलगा लिहायला बसला की त्याचं मनगट आत दुमडायचं. पेन्सिल मुठीत आवळली जायची आणि चार ओळींत हात भरून यायचा. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, चेंडू झेलणं, सगळीकडे तीच गत. दोन वर्षं मी त्याला "लक्ष दे, नीट धर" एवढंच सांगत राहिले. तो आळस करत नव्हता हे कळायला मला इतका वेळ लागला, याचं वाईट अजून वाटतं.

तो सात वर्षांचा असताना तपासणीत नाव कळलं: डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. बुद्धीत काही कमी नाही, स्नायूंचा आजार नाही, पण हालचालींची जुळवाजुळव जमत नाही. शाळेत जाणाऱ्या १०० मुलांमागे साधारण ५-६ मुलांना हा त्रास असतो, म्हणजे प्रत्येक वर्गात एखादं तरी मूल. तरीही आम्ही हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या) मॅडमनी व्यायामांसोबत टेपिंग, म्हणजे त्वचेवर पट्टी चिकटवणं, सुचवलं. खेळाडूंच्या गुडघ्या-खांद्यांवर रंगीत पट्ट्या दिसतात, तीच ही कायनेसिओलॉजी टेप. जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात ती तयार केली. सुती, ताणली जाणारी, औषध नसलेली. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही पट्टी त्याला लिहायला शिकवणार नाही. मनगट कुठे आहे, याची आठवण त्वचेतून देत राहील, थोडा आधार देईल. शिकायचं काम सरावातच होणार." काही मुलांना उपयोग होतो, काहींना नाही, संशोधनातूनही एकच एक उत्तर मिळालेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तीन आठवडे करून पाहायचं, फरक नाही दिसला तर थांबायचं, असं ठरलं.

आधी दंडाच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून एक दिवस वाट पाहिली. त्वचा लाल झाली नाही. मग खरी पट्टी. रंग त्याने निवडला, निळा. (रंगाने परिणामात काही फरक पडत नाही.) कोपरे गोल कापले, म्हणजे कपड्यात अडकून उचलले जात नाहीत. हात स्वच्छ, कोरडा. मनगट खाली वाकवून पट्टी हाताच्या पाठीपासून कोपराच्या अलीकडेपर्यंत लावली. दोन्ही टोकं अजिबात न ताणता, मधला भाग हलक्या ताणावर. शेवटी तळव्याने चोळायची, कारण तिचा गोंद उबेने धरतो. त्याने मनगट वर उचललं, पुन्हा खाली केलं आणि म्हणाला, "आई, कुणीतरी मागून धरलंय."

दुसऱ्या खेपेला पट्टी मी घरी लावली आणि चुकले. जास्त ताणली तर जास्त आधार मिळेल, असं मला वाटलं. टोकंही ओढून लावली. सकाळी बघते तर कोपराजवळच्या टोकाखाली लालभडक पट्टा आणि दोन बारीक फोड. पट्टी तीन ते पाच दिवस राहते म्हणतात, ती मी तिथल्या तिथे काढली. टोकाला ताण असला की ते दिवसभर एकाच जागची त्वचा खेचत राहतं, हे मॅडमनी मला माझ्याच हातावर लावून दाखवलं. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत आठवडाभर टेप बंद. लेकराने तक्रारसुद्धा केली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून रोज रात्री पट्टीच्या कडा बघते आणि "खाजतंय का?" असं स्पष्ट विचारते.

पट्टी असताना रोज १५ मिनिटं सराव. मणी ओवण्यासारखे खेळ नाहीत, थेट जे जमवायचं तेच: अंगातल्या शर्टाची बटणं, वहीतलं खरं लेखन. एकच वाक्य पट्टी असताना आणि नसताना लिहून घ्यायचे आणि खाली तारीख टाकायची. पहिल्या आठवड्यात दोन्हींत फरक ठळक होता. पट्टीशिवायची अक्षरं ओळीखाली घसरलेली. दीड महिन्याने दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली तर सांगणं अवघड जायला लागलं. बटणं मात्र अजून रेंगाळतात, आणि चेंडूचं तर विचारूच नका.

पट्टी काढण्याचं काम आता त्याचं आहे. अंघोळीत भिजवून, कडेला तेल लावून, केसांच्या दिशेने हळूहळू गुंडाळत न्यायची. ओढायची नाही. एका हाताने त्वचा दाबून धरायची, दुसऱ्याने पट्टी सोडवायची. दोन हात दोन वेगळी कामं करतायत, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दारातच थांबले. तो जीभ दाताखाली धरून, खाली मान घालून, कोपराकडून मनगटाकडे सरकत होता. मदत करू का, असं विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "थांब, टोक सुटत आलंय."