तुम्ही विचारलंत म्हणून : टेलोमरेज वाढवायचे की थांबवायचे?

रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत मी टेलोमरेज या विकराची (एन्झाइमची) सक्रियता मोजण्याचे काम केले आहे, हे कळले की समोरचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘हे टेलोमरेज चांगले की वाईट? ते वाढवायचे की थांबवायचे?’ विचारणाऱ्यांपैकी काहींनी तारुण्य टिकवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात वाचलेली असते, तर काहींच्या घरात ल्युकेमियाचा म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, किंवा अस्थिमज्जेत पुरेशा रक्तपेशीच न बनणाऱ्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचा रुग्ण असतो. या दुसऱ्या मंडळींची उभ्या-उभ्या बोळवण करणे मला बरे वाटत नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. रक्तापुरते बोलायचे तर कोणत्या पेशीबद्दल विचारता आहात हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

गुणसूत्राच्या टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे हजारो वेळा एकापुढे एक लिहिलेली असतात; त्या टोकाला टेलोमिअर म्हणतात. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे दर विभाजनात टेलोमिअर साधारण ५० ते १०० अक्षरांनी आखूड होतो आणि तो फारच आखूड झाला की पेशी विभाजन थांबवते किंवा मरते. ही झीज भरून काढणारे विकर म्हणजे टेलोमरेज. कॅरल ग्रायडर यांना ते १९८४ च्या नाताळच्या दिवशी, एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत, टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवात प्रथम दिसले, आणि २००९ मध्ये जॅक शोस्टाक यांच्यासह या दोघींना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बहुतेक पेशींमध्ये हे विकर बंद असते. अस्थिमज्जेतील मूलपेशींमध्ये मात्र ते थोडे चालू ठेवावेच लागते, कारण शरीराला रोज सुमारे २० हजार कोटी नव्या लाल पेशी लागतात.

१९९४ साली एक शोधनिबंध आला आणि कर्करोगाच्या जगात मोठी आशा निर्माण झाली. त्यात १२ प्रकारच्या कर्करोगांचे १०१ नमुने तपासले होते, त्यांपैकी ९० मध्ये टेलोमरेज सक्रिय आढळले. निरोगी ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही. कर्करोग ओळखण्याची एकच सार्वत्रिक चाचणी हाती लागली, असे तेव्हा अनेकांना वाटले. त्यासाठी वापरलेली ‘ट्रॅप’ ही पद्धत आजही प्रयोगशाळांत चालते. पेशींच्या अर्कात डीएनएचा एक छोटा तुकडा टाकतात. टेलोमरेज जिवंत असेल तर ते त्या तुकड्याला सहा-सहा अक्षरे जोडत जाते. मग पीसीआर या पद्धतीने त्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढून, त्या लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या जेलवर चालवल्या की बरोबर सहा अक्षरांच्या अंतराने एकावर एक पट्टे उमटतात. प्रयोगशाळेत आम्ही त्याला शिडीच म्हणतो. पण शिडी दिसली म्हणून कोणी लगेच निकाल लिहीत नाही. त्याच नमुन्याचा दुसरा भाग आधी ८५ अंशांवर दहा मिनिटे तापवून बाजूच्या रकान्यात चालवलेला असतो, आणि तेथे शिडी नाहीशी झालेली दिसली पाहिजे, कारण उष्णतेने विकर मरते. तेथेही ती शिल्लक असेल तर ते टेलोमरेज नव्हे, आधीच्या प्रयोगातून आलेली भेसळ आहे असे समजून सगळे पुन्हा करावे लागते.

रक्तात तर शिडी खरी असूनही फसवते. १९९५ मध्येच स्पष्ट झाले की निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींतही टेलोमरेजची थोडी सक्रियता असते. लिम्फोसाइट ही पांढरी पेशी एखाद्या जंतूशी लढायला उठली की ही सक्रियता वाढते. म्हणजे साध्या तापात घेतलेले रक्तही क्षीण शिडी दाखवू शकते. ल्युकेमियात सक्रियता सहसा जास्त असते, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा प्रकार ब्लास्ट क्रायसिस या उग्र टप्प्यात गेला की ती आणखी चढते, हे खरे. पण एका रुग्णाच्या एका नमुन्यावरून ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणता येत नाही. तेव्हा ‘टेलोमरेजची रक्ततपासणी करून कर्करोग आधी कळेल का?’ या जोडप्रश्नाचे माझे उत्तर सरळ नकारार्थी आहे.

आता टेलोमरेज कमी पडते तेव्हा काय होते ते पाहू, कारण कुटुंबीयांना खरा उपयोग याच माहितीचा होतो. डिस्केराटोसिस कन्जेनिटा या दुर्मीळ आनुवंशिक आजारात नखे खराब होतात, त्वचेवर जाळीदार डाग पडतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि हळूहळू अस्थिमज्जा रिकामी होते. त्याचे पहिले जनुक १९९८ मध्ये सापडले आणि पुढच्याच वर्षी त्याचा टेलोमरेजशी संबंध उघड झाला. २००५ पर्यंत असेही दिसून आले की बाहेरून कोणतेच लक्षण न दिसता, निव्वळ अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणून दाखल होणाऱ्या काही प्रौढांतही टेलोमरेजच्या जनुकात दोष असतो. अशा घराण्याचा इतिहास नीट विचारला तर चित्र उलगडते : कोणाचे केस ऐन पंचविशीच्या आत पांढरे झालेले, कोणा काकांना फुप्फुसाचा फायब्रोसिस (फुप्फुस कडक होत जाणे), कोणाला दारूचा थेंबही न घेता लिव्हर सिरॉसिस. घरच्यांच्या लेखी हे तीन वेगळे आजार असतात, त्यामुळे डॉक्टरांना ते कोणी सांगतच नाही. मला विचाराल तर हे सांगणे कोणत्याही महागड्या तपासणीइतके मोलाचे आहे. कारण रोगप्रतिकारशक्ती दाबणारे नेहमीचे उपचार अशा रुग्णाला फारसे लागू पडत नाहीत. आणि बोन मॅरो प्रत्यारोपण करायचे ठरले तर दाता म्हणून पुढे आलेल्या सख्ख्या भावाची किंवा बहिणीची जनुके आधी तपासावी लागतात, नाहीतर तोच दोष मुकाट्याने बाळगणारी मज्जा रुग्णाच्या शरीरात जाते. येथे उपयोगी पडते ती टेलोमरेजच्या सक्रियतेची नव्हे, तर फ्लो-फिश पद्धतीने लिम्फोसाइटमधील टेलोमिअरची लांबी मोजून ती समवयस्कांशी ताडून पाहणारी चाचणी.

या रुग्णांत टेलोमरेज वाढवणे खरोखरच हिताचे ठरू शकते. पुरुषी संप्रेरकांच्या गटातील औषधे अप्लास्टिक अ‍ॅनिमियात १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. ती टेलोमरेजच्या जनुकाला चालना देतात हे पुष्कळ नंतर कळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २७ रुग्णांना दोन वर्षे रोज ८०० मिलिग्रॅम डॅनॅझॉल हे त्याच गटातील औषध दिले, आणि झीज मंदावेल एवढीच अपेक्षा असताना अनेकांचे टेलोमिअर चक्क लांबलेले आढळले. २०१६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अर्थात डॅनॅझॉल यकृतावर ताण आणते, आणि ते स्वतःच्या मनाने घ्यायचे औषध नाही.

मग कर्करोगाचे काय? ऐकणाऱ्याला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट ही, की टेलोमरेज कमी असलेल्यांनाच एमडीएस (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा विकार) आणि ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचा धोका मोठा असतो. टोके उघडी पडली की गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, तुटतात, आणि त्या पडझडीतून एखादी बिघडलेली पेशी तग धरते. पण म्हणून लांब टेलोमिअर म्हणजे सुरक्षितता, असेही समजू नये. पॉट-१ या जनुकातील दोषामुळे ज्यांचे टेलोमिअर जन्मतःच फार लांब असतात, त्यांच्यात गाठी आणि रक्तपेशींचे बिघडलेले वंश अधिक आढळतात, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. वनस्पतीच्या अर्काने टेलोमिअर लांबवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांची चौकशी करणाऱ्यांना मी हीच माहिती देते आणि पैसे वाचवायला सांगते.

थांबवण्याच्या बाजूचे औषध मात्र आता प्रत्यक्षात आले आहे. टेलोमरेजमध्ये एक आरएनए असतो, ज्याच्या साच्यावरून ती सहा अक्षरे लिहिली जातात. इमेटेलस्टॅट हे औषध नेमके त्या साच्याला जाऊन चिकटते आणि विकर निकामी करते. कमी जोखमीच्या एमडीएसमध्ये सतत रक्त चढवावे लागणाऱ्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत जून २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाचणीत हे औषध घेतलेल्या ४० टक्के रुग्णांना सलग किमान आठ आठवडे रक्त चढवावे लागले नाही. औषधाविना द्रावण घेणाऱ्यांत हेच प्रमाण १५ टक्के होते. औषध दर चार आठवड्यांनी शिरेतून देतात. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के जणांच्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी आणि ६२ टक्के जणांच्या प्लेटलेट गंभीर पातळीपर्यंत उतरल्या, त्यामुळे पुढची मात्रा देण्यापूर्वी रक्तगणना पाहावीच लागते आणि पेशी सावरल्या नसतील तर ती पुढे ढकलावी लागते.