जिन्यावरचं सेशन

मी सायकॉलॉजिस्ट आहे आणि हा किस्सा खरं तर माझ्याच एका चुकीचा आहे. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

पस्तिशीचा माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा काखेत ही जाडजूड फाइल, ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, सगळं नॉर्मल, हार्टच्या डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलेलं. सहा महिन्यांत तीनदा कॅज्युअल्टी गाठलेली. छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास पुरत नाही आणि 'संपलं आता' असं वाटणं, म्हणजे पॅनिक अटॅक. माझ्याशी बोलताना सुद्धा दोन बोटं मनगटावर, नाडी बघत.

मी समजावलं. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि गरगरणं त्यामुळेच, मग माणूस त्या मुंग्यांनाच घाबरतो आणि श्वास अजून वाढतो. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि उतरायला लागतं. अंगातल्या साध्या बदलाचा भलताच अर्थ लावला जातो आणि तिथून पॅनिक पेटतं, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं, आमची थेरपी बरीचशी त्यावरच चालते. त्याला सगळं पटायचं. आणि जाताना दारात थांबून विचारायचा, "मॅडम, मला काही होणार नाही ना?" मी म्हणायचे, "काही नाही होणार."

मग मेसेज सुरू झाले. घराबाहेर पडायच्या आधी, मीटिंगच्या आधी, झोपायच्या आधी, 'काही होणार नाही ना?' आणि मी रिप्लाय देत बसले, वाटायचं आधार देतेय. एका संध्याकाळी सहज मोजले तर दिवसभरात ११. त्याच्या खिशात कायम गोळ्यांची एक स्ट्रिप असायची, घ्यायची नाही, नुसती जवळ असली की धीर. तेव्हा कुठे लक्षात आलं की दुसरी स्ट्रिप मी आहे! तेवढ्यापुरता धीर देणारी पण भीती टिकवून ठेवणारी ही कुबडी, याला आम्ही सेफ्टी बिहेवियर म्हणतो, ट्रेनिंगमध्ये मुलांना शिकवते पण मी.

पुढच्या सेशनला सरळ सांगितलं, सॉरी म्हणलं. आणि विचारलं, जिना चढायचा का आज? ज्या लक्षणांची भीती ती मुद्दाम आणून बघायची हा उपचाराचाच भाग, खुर्चीत गोल फिरणं, स्ट्रॉमधून श्वास घेणं आधी करून झालं होतं, पण जिन्याचं नाव काढलं की तो विषय बदलायचा, कित्येक महिने नुसती लिफ्ट.

तीन मजले, पळत. मी पण सोबत, एकट्याला पाठवायला माझंच मन होईना (आता ही कुणाची सेफ्टी म्हणायची). वर पोचलो तेव्हा मी भिंतीला टेकलेले, तोंडातून शब्द फुटेना. तो पांढराफटक. "मॅडम, १३२." मी घड्याळ लावून माझी मोजली, १४४. तो बघतच राहिला.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लाज वाटतेय," म्हणलं, "वर्षभर व्यायाम नाही."

हसला, आणि लगेच तोंड उतरलं, "पण मला काही होणार नाही ना?" उत्तर अगदी जिभेवर होतं हो. गप्प बसले. तो पायरीवर बसला, मी बाजूला. गोळी नाही, पाणी नाही, काही नाही. चारेक मिनिटं गेली असतील, मला तर तास वाटला. मग त्याची बोटं मनगटावरून आपोआप सुटली, हे त्याच्या लक्षात पण आलं नाही, तो खालून कुणीतरी वर येत होतं त्यांना वाट द्यायला सरकला.

त्यानंतर अजून बरीच सेशन्स लागली, मध्ये एक आठवडा तर पार घसरलेला. पण जिना चढलो त्याच रात्री त्याचे दोन मेसेज आले होते. पहिला, 'काही होणार नाही ना?' मी फोन उलटा ठेवला. सात मिनिटांनी दुसरा, 'राहू द्या.'