आमची वाटचाल : पेट्यांचा हिशेब क्लाउडवर नेताना

रत्नागिरीत हापूसच्या पेट्या भरून थेट गिऱ्हाइकाकडे पाठवण्याचा आमचा व्यवसाय आहे. बागायतदारांना दिलेली उचल, आंब्याची आवक, प्रतवारी, आगाऊ नोंदणी आणि जीएसटीची बिले हे सारे कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवर (सर्वांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य संगणकावर) साठत आले. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने त्याच्या मेमरीच्या पट्टीवरचे संपर्कबिंदू हिरवट पडत आणि ते पुसल्यावरच यंत्र पुन्हा सुरू होई.

मे २०२१ मध्ये ऐन हंगामात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले आणि वीज गेल्यावर कोणाच्या पेट्या जायच्या राहिल्या आहेत हे पाहण्याचीच सोय उरली नाही. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच छपराखाली असतील, तर पाणी दोन्ही घेऊन जाते, हे तेव्हा आमच्या साऱ्या व्यापारी मित्रांच्या बोलण्यात होते. डेटाबेस, म्हणजे या साऱ्या नोंदींचा साठा, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर, न्यावा का, हा प्रश्न आम्ही त्यानंतर गांभीर्याने हाती घेतला.

पहिला प्रस्ताव फक्त डेटाबेस मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये (क्लाउडचे सर्व्हर असतात त्या केंद्रात) ठेवावा आणि बिलांचा प्रोग्रॅम कार्यालयातच चालू द्यावा, असा होता. चाचणीत तो आम्हाला पटला नाही. आमचा जुना प्रोग्रॅम एका बागायतदाराचे खाते उघडताना प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसला स्वतंत्र प्रश्न विचारतो. कार्यालयातल्या केबलवर हे जाणवत नाही. परंतु मुंबईला जाऊन येण्याच्या एका फेरीला २० मिलिसेकंद धरले, तरी ३०० प्रश्नांचे ६ सेकंद होतात, आणि समोर गाडीवाला पावतीसाठी उभा असताना ६ सेकंद फार असतात. म्हणून न्यायचे तर प्रोग्रॅम आणि डेटाबेस दोन्ही एकत्र न्यायचे, कार्यालयात केवळ त्या प्रोग्रॅमचा पडदा (स्क्रीन) उघडायचा, असे ठरले. माझ्या मते लहान कार्यालयाने या मुद्द्याचा विचार भाड्याच्याही आधी करावा.

भाड्याचे गणित आमच्या बाजूने होते, कारण गर्दी मार्च ते मे एवढीच असते. पावसाळ्यात सर्व्हरचा आकार कमी करता येतो, साठवणीचे पैसे मात्र बारा महिने द्यावे लागतात. बॅकअपच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. अशा सेवांत मागच्या कोणत्याही क्षणाची स्थिती परत मिळवण्याची मुदत बहुधा ३५ दिवसांपर्यंतच असते, तर जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात; त्यामुळे दर महिन्याची वेगळी प्रत आम्ही स्वतः काढून ठेवतो.

रस्त्याच्या कामात फायबर तुटणे इथे नवीन नाही. त्यासाठी मोबाइल सिमवर चालणारा राउटर ठेवला आहे, आणि दुसऱ्या दिवशी जायच्या पेट्यांची यादी रोज संध्याकाळी कार्यालयातल्या लॅपटॉपवर उतरते, जेणेकरून दोन्ही जोडण्या बंद पडल्या तरी गाडी भरणे थांबू नये. क्लाउडचे खाते प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या नव्हे, संस्थेच्या नावाने आहे, ही अट आम्ही आग्रहाने घातली. मोहोर धरण्याच्या सुमारास, हंगामाआधी, बॅकअपमधून संपूर्ण डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर उभा करून मागच्या वर्षीच्या उचलीच्या बाकी जुळतात का, हे आमचे हिशेबनीस स्वतः पडताळतात.