चिरल्याशिवाय कळत नाही

लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली, लांब पांढऱ्या दांड्याची भाजी. तिचा माल परत येतो तो बहुतेक तीन कारणांनी. पांढरा भाग आखूड, पानांच्या बेचक्यात माती, नाहीतर तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके. तिन्ही बाहेरून दिसतात, त्यामुळे त्यावर भांडता तरी येतं. त्या दिवशी गाडी परत आली तेव्हा माल बाहेरून निर्दोष होता. सरळ, जाड, पांढराशुभ्र, मुळं नीट कापलेली, पाती पंख्यासारखी छाटलेली. परतीच्या कागदावर दोनच शब्द होते: ‘आत डेंगळे’.

कांदा करणाऱ्याला डेंगळे नवे नाहीत. फुलाचा दांडा पातीतून वर आला की लांबूनही दिसतो. लीकमध्ये तो बराच काळ लपून राहतो. आपण ज्याला लीकचा पांढरा दांडा म्हणतो ते खोड नाहीच, एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ आहेत. खरं खोड म्हणजे मुळांच्या वरची चपटी चकती. झाडानं फुलायचं ठरवलं की त्या चकतीतून एक भरीव दांडा निघतो आणि आतल्या पानांच्या मधून गुपचूप वर सरकतो. तो शेंड्याला दिसेपर्यंत आत बोटभर जाड झालेला असतो. शिजवला तरी चिवटच राहतो.

ज्यांनी हे पीक केलेलं नाही त्यांना त्याचा वेळ सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रोपवाटिकेत दहा-बारा आठवडे. रोप पेन्सिलीएवढं झालं की पंधरा-वीस सेंटिमीटर खोल भोकात सोडायचं. भोक मातीनं बुजवायचं नाही, फक्त पाणी द्यायचं. माती आपोआप हळूहळू आत उतरते. घाईनं बुजवलं किंवा भर लवकर लावली की माती पानांच्या जोडात शिरते आणि मग ती कितीही दाबाच्या पाण्यानं निघत नाही. दोन ओळींत पाऊण मीटर आणि दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर धरलं तर हेक्टरी दीड लाखाच्या आसपास रोपं बसतात. नंतर चार ते सहा महिने भर, खुरपणी, नत्राचे हप्ते आणि फुलकिड्यांशी झटापट. एवढं सगळं झाल्यावर काढणीच्या दिवशी कळतं की झाडानं आपला निर्णय रोप असतानाच घेऊन टाकला होता.

खरेदीदाराचा तपासनीस पोरगा वाईट नव्हता. पण त्याच्या हातात टेप, सुरी आणि मोबाइल एवढंच होतं, आणि शेत त्यानं कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. मी फोन केला तर म्हणाला, "सर, मी दहा चिरले, तीनमध्ये दांडा निघाला. मी काय करू?" दहांत तीन म्हणजे पूर्ण गाडीत तीस टक्के, हे गणित त्यानं मनातल्या मनात करून टाकलं होतं. दहाही एकाच क्रेटमधले होते का, हे विचारल्यावर पलीकडे शांतता.

करारात आम्ही युरोपातलं प्रमाणक जसंच्या तसं घातलं होतं. पहिल्या वर्गात पांढरा ते हिरवट पांढरा भाग एकूण लांबीच्या किमान एक तृतीयांश हवा, किंवा पानांनी गुंडाळलेल्या भागाच्या निम्मा. फुलाचा दांडा मात्र चालत नाही. दुसऱ्या वर्गात कोवळा दांडा चालतो, तो गुंडाळलेल्या पानांच्या आतच असेल तर. आमचा दांडा आतच होता. प्रश्न ‘कोवळा’ या शब्दावर अडला. कोवळा कुणी ठरवायचा? त्यानं अंगठ्याचं नख दाबून पाहिलं, मी सुरी आडवी फिरवून पाहिली. माझी सुरी लोण्यासारखी गेली असं मी म्हणणार, त्याचं नख अडलं असं तो म्हणणार. ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांनी असा वाद कधी उभ्यानं घातलेला नसावा.

ऑफिसनं सुचवलं, माल पुन्हा निवडून पाठवा. ऑफिसला हे सुचणं सोपं आहे. डेंगळा आहे की नाही हे पाहायचं तर लीक उभं चिरावं लागतं, आणि चिरलेलं लीक विकता येत नाही. मग बोटांवर आलो. निवडीच्या टेबलावर आक्का सगळ्यांत जुन्या. त्यांनी बुडापासून चार बोटं वर दोन्ही अंगठे ठेवून हलकं वाकवून दाखवलं. चांगलं लीक जरा लवतं, आतले थर एकमेकांवर सरकतात ते हाताला कळतं. डेंगळा असेल तर मध्ये काहीतरी ताठ लागतं. "साहेब, हे बघा, आत काठी आहे," म्हणत त्यांनी क्रेट दोन ढिगांत वाटला.

मी दोन्ही ढिगांतले थोडे चिरले. आक्कांनी बाद केलेल्यांत बहुतेक खरोखर डेंगळे निघाले, काही मात्र नुसतेच जाड आणि घट्ट होते. आणि पास केलेल्यांत, खाली चकतीला अगदी लागून, नखाएवढा हिरवट कोंब. तो बोटाला कुठून लागणार? आक्कांना दाखवलं तर त्यांनी मान हलवली, "हा आज नाही, पुढच्या आठवड्यात काठी होईल." हे बरोबरच होतं आणि म्हणूनच जास्त वाईट. लीक काढलं म्हणून मेलेलं नसतं. शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर दमटपणात ते दोन-तीन महिने टिकतं. पण गाडीत ऊब लागली की आतली पानं छाटलेल्या टोकातून बाहेर यायला लागतात, आडवं ठेवलेलं लीक वर वळायला लागतं. कोंबानं तरी का थांबावं?

दुपारी मी शेतात गेलो. सरसकट न काढता ओळीओळीनं चिरत गेलो, कारण मला टक्केवारी नको होती, नकाशा हवा होता. वरच्या तुकड्यात तो मिळालाही. दोन शेजारच्या ओळी डेंगळ्यांच्या, मग सहा ओळी जवळजवळ स्वच्छ, मग परत दोन. लागवडीचं यंत्र चार ओळींचं. प्रत्येक ओळीमागे एक बाई बसते आणि आपापल्या रॅकमधून रोप उचलून सोडते. यंत्र बांधाशी वळून उलटं येतं, तेव्हा पहिल्या रॅकची ओळ गेल्या फेरीतल्या चौथ्या रॅकच्या ओळीजवळ नाही, लांबच्या कडेला पडते; पुढच्या फेरीत तिच्या शेजारी पुन्हा पहिल्याच रॅकची ओळ येते. म्हणजे जोडी. म्हणजे जे काही बिघडलं होतं ते पहिल्या रॅकमध्ये बसलं होतं.

हे सापडल्यावर मला जो आनंद झाला तो त्या दिवशी शोभणारा नव्हता. पण खरं सांगायचं तर झाला.

पहिल्या रॅकवर ट्रे कुठले जातात? गाडीतून आधी उतरतात ते. आधी उतरतात ते, जे शेवटी भरलेले असतात. आणि रोपवाटिकेत शेवटी भरतात ते शेडच्या उघड्या टोकाचे, कारण मजूर आतून भरत बाहेर येतात. रोपवाटिकेच्या मालकाशी फोनवर बोललो. माणूस चांगला, कामात चोख, पण "आमच्याकडे तापमानाची नोंद असते, भाऊ," हे वाक्य त्याला फार आवडतं. नोंद असतेच. थर्मामीटर शेडच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर टांगलेला. ट्रे जमिनीवर, उघड्या बाजूला. रात्रीची थंड हवा कुठे साचते हे शेतकऱ्याला सांगायला लागू नये.

लीक मुळात दोन वर्षांचं पीक. थंडी सोसली की झाड समजतं हिवाळा उरकला, आता बी धरायचं. बऱ्यापैकी वाढलेल्या रोपाला दहा अंशांखालचे काही आठवडे मिळाले, पुढे दिवस लांब होत गेले, की दांडा निघतो. म्हणून लवकरच्या हंगामातली रोपं उबेत वाढवायची असतात. त्या खेपेला पावसानं रान भिजलेलं, लागवड पुढे गेली, आणि तयार रोपं शेडच्या कडेला वाट पाहत थांबली. ‘रोपं जरा कणखर होतायत’ असं तेव्हा सगळेच म्हणत होते. बियाणे कंपनीच्या प्रतिनिधीनं शेतात येऊन ‘हवामान’ हा एक शब्द सांगितला, फोटो काढले आणि गेला. त्यांच्या पगारात तो शब्द धरलेला असावा.

इथवर सगळं जुळतं. मला झोप लागू देत नाही तो खालचा तुकडा. तिथे ना जोडी, ना रॅक. डेंगळे चारही ओळींत विखुरलेले, कमी पण सगळीकडे. त्याच आठवड्यातली लागवड, तेच वाण. ट्रेच्या नोंदीत मात्र बियाण्याच्या पाकिटाचा लॉट लिहायचा रकाना कोरा. लॉट वेगळा होता? तिथे जमीन भारी, मुळांना पाण्यानं ताण बसला आणि ज्या झाडांना थंडी अर्धीमुर्धीच लागली होती तीही फुलायला निघाली? की उघड्या टोकाचे ट्रे संपल्यावर पुढच्या रांगेचेही त्याच थंडीत सापडले? तिन्ही गोष्टी पटतात. रोपवाटिकेला पहिली पटते, बियाणे कंपनीला दुसरी.

परतीच्या गाडीतला माल पुन्हा पाठवला नाही. आक्कांच्या पास ढिगातला दुसऱ्या वर्गात गेला, ‘कोवळा’ या शब्दाच्या भरवशावर, तोही दुसऱ्या खरेदीदाराला. वरच्या तुकड्यातल्या जोड्या खुणेच्या काठ्या लावून तशाच ठेवल्या आणि मधल्या सहा-सहा ओळी आधी काढल्या. खालचा तुकडा मुदतीआधीच काढायला घेतलाय, लीक अजून बारीक असताना, कारण कोंब थांबणार नाही. रोपवाटिकेला पत्र लिहिलंय त्यात भरपाईची रक्कम नाही, फक्त एवढंच मागितलंय: पुढच्या खेपेला तापमान मोजायचं यंत्र ट्रेच्या पातळीवर, उघड्या टोकाला ठेवा, आणि लॉटचा रकाना भरा. उत्तर आलं. तापमानाची नोंद असते, म्हणे.