टेमाचं गॅदरिंग आणि आंटींचा अडोवा

बाबांची नोकरी घानात होती म्हणून माझी शाळेची चार वर्षं टेमाला गेली, आणि तिथलं गॅदरिंग म्हणजे कल्चरल डे. महिनाभर आधी मधल्या सुट्टीनंतर ढोल सुरू व्हायचे की गणिताच्या तासाला कुणाचं डोकं चालायचं नाही, सरांचे पायसुद्धा टेबलाखाली ठेका धरायचे, मी पाहिलंय.

अडोवा नावाचा तिथला नाच शिकवायला एक आंटी यायच्या. लेगॉनला, घाना युनिव्हर्सिटीत, १९६२ साली जी डान्स कंपनी सुरू झाली ना, मावेरे ओपोकूंची, तिथल्या तालमीत तयार झालेल्या. पहिला आठवडा नाच नाहीच, नुसती दावुरो ऐकायची. केळ्यासारखी दिसणारी लोखंडी घंटा, तिचा ठेका टाळ्यांनी धरायचा, मग त्यावर पाय आणि हात सगळ्यात शेवटी, कारण अडोवात हात बोलतात. दोन्ही हात एकमेकांभोवती गुंडाळत आणून शेवटच्या ठोक्याला उजवा हात झटकन लांब केला की अर्थ होतो, मला दोरीनं बांधलंत तरी मी ती तोडीन! आंटी स्टेप दाखवायच्याच नाहीत आधी, विचारायच्या, तू कुणाला काय सांगतेयस? आम्ही गप्प. मग त्याही गप्प, पण घंटा चालूच.

पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली. समोर एवढी गर्दी बघून उत्साहात दोन्ही हात डोक्यावर ठेवून गिरकी घेतली, मला वाटलं काय फिल्मी दिसतंय. तिथे त्याचा अर्थ माझं कुणीतरी गेलं! पुढच्या रांगेतल्या आज्ज्या हळहळल्या, एक तर उठून मला जवळ घ्यायला आली. अडोवा मुळात घानातल्या असांते लोकांच्या मयतीत बायका नाचतात तो, त्यामुळे कुणाला गंमत वगैरे वाटलीच नाही. आपल्याकडेही डोक्याला हात लावून बसलं की आई ओरडतेच की, मग मला कसं सुचलं नाही कोण जाणे.

मोठ्या मुलांचा क्पानलोगो नाच असायचा. तो तसा नवाच, साठच्या दशकात राजधानी अक्रातल्या ‘गा’ समाजाच्या पोरांनी काढलेला, कमरेच्या हालचालींवरून तेव्हा मोठ्यांनी जाम नाकं मुरडली होती म्हणे. लावणीचं ऐकत वाढलेल्या आमच्या घरात हे लगेच कळलं.

आणि आंटींचं भांडण कायम स्टेजशी. गावात नाच गोलात होतो, पुढची बाजू मागची बाजू असं काही नसतंच, आणि इथे सगळ्यांनी एकाच दिशेला बघायचं म्हणजे ढोलवाल्यांकडे पाठ, आणि त्यांच्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलणार कसं? मग त्यांनी अर्धगोल केला, ढोलवाले एका कडेला बसवले, आणि आम्ही आत येताना आधी त्यांना वाकून मग प्रेक्षकांकडे वळायचो. एवढ्याशा बदलानं नाच एकदम जिवंत झाला.

शेवटच्या वर्षी माझे हात चुकले नाहीत. नाच आवडला की तिथले लोक पुढे येऊन नाचणाऱ्याच्या डोक्यावर दोन बोटं धरतात, कपाळाला नोट चिकटवतात. त्याच आज्जीनं येऊन दोन बोटं धरली, मागोमाग आई आली, तिनंही बघून बघून दोन बोटं धरली आणि मग राहवेना म्हणून माझ्या कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. आज्जीनं लगेच विचारलं, याचा अर्थ काय?