मल्हारराव, सोमल आणि पपनसाचं सरबत

बडोद्यात मल्हारराव गायकवाडांचं नाव निघालं की "रेसिडेंटला विष घातलं तो राजा" असंच ऐकू येतं. रेसिडेंट म्हणजे संस्थानात नेमलेला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी. चौकशीत मात्र हे सिद्ध झालं नव्हतं.

संशय घरातूनच मागे लागलेला. थोरले भाऊ खंडेराव यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ मध्ये मल्हाररावांना पादऱ्याला कैदेत टाकलं होतं. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी गादीवर आला. गरोदर जमनाबाई, म्हणजे खंडेरावांची राणी, जिवाच्या भीतीने रेसिडेन्सीच्या आसऱ्याला गेल्या. मुलगी झाली, म्हणून मल्हाररावांची गादी टिकली.

९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, आणि बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी काळसर गाळ दिसला तो त्यानंतर. म्हणजे बहुतेक पुरावा साहेबांच्याच हातून गेला! गाळ उरला याचं कारण साधं: सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, थंड पाण्यात अगदी सावकाश आणि थोडाच विरघळतो, बाकीचा जड असल्याने खाली बसतो. कोळशाच्या भुकटीबरोबर तो काचेच्या नळीत तापवला की नळीच्या थंड भागावर काळं चकचकीत कडं धरतं; ही त्या काळातली नेहमीची कसोटी. रेसिडेन्सीचे डॉ. सुअर्ड आणि मुंबईचे रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे, दोघांनाही सोमल सापडला. गाळातले चमकणारे कण हिऱ्याच्या पुडीचे असल्याचं सांगितलं गेलं. हिरकणीने माणूस मरतो हा आपल्याकडचा जुना समज, पण हिरा पोटात विरघळतच नाही.

पेल्यात विष होतं, एवढं रसायनशास्त्राने सांगितलं. ते कुणी घातलं, हे सांगणार होते माफीचे साक्षीदार: रेसिडेन्सीचा हवालदार रावजी आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी मिळाली, पण ती पोलिसांना सापडली तेव्हा पट्टा दुसऱ्याच शिपायाकडे गेलेला होता. महाराजांचे वकील सार्जंट बॅलन्टाइन यांनी नेमकं हेच धरलं, आणि माझ्या मते खटला तिथेच ढिला पडला. आपली सुटका ज्यांच्या जबानीवर अवलंबून, त्यांच्या शब्दावर एखाद्या राजाला विषप्रयोगी ठरवणं न्यायाला धरून नव्हतं.

चौकशीसाठी नेमलेलं सहा जणांचं कमिशन दुभंगलं. तिन्ही इंग्रजांनी आरोप शाबीत धरला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले. कारण दाखवलं गैरकारभाराचं, विषाचं नव्हे. त्यांना मद्रासला पाठवलं, आणि दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला जमनाबाईंना. त्यांनी कवळाण्याचा गोपाळराव निवडला. तेच आपले सयाजीराव.